सूचक : चिं. ग. निसळ

दिल्लीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं चिंतामणराव निसळ सांगत. वास्तविक त्यांना कुणी विचारलेलं नसे, आणि उत्तर राहून गेलं होतं असंही नव्हतं. मनातल्या मनात त्यांचं ते कितीतरी वेळा लिहून झालं होतं. एकदा आंघोळ करताना इंग्रजीत, एकदा बारामतीच्या एसटीत मराठीत, आणि एकदा दाढी करताना इतक्या सडेतोड भाषेत की हनुवटीला ब्लेड लागलं. कागदावर मात्र 'महोदय' या शब्दापुढे गाडी सरकत नव्हती. महोदय लिहिलं की शंका यायची, पलीकडे महोदया असल्या तर? दोन्ही लिहिलं की वाटायचं, आपल्याला नक्की काही ठाऊक नाही हे पहिल्याच ओळीत कळलं.

पत्र श्रावणात आलं होतं. सरकारी कागदपत्रं संगणकावर कोणत्या स्वरूपात साठवायची, याचं देशासाठी एक खुलं मानक ठरत होतं. खुलं म्हणजे कुणा एका कंपनीच्या मालकीचं नव्हे. कुठल्याही प्रोग्राममध्ये, कुठल्याही साली फाईल उघडली पाहिजे. त्याच्या मसुद्यावर आपलं अभिमत दसऱ्यापर्यंत टपालात टाकावं, अशी समितीची विनंती होती.

आता हे पत्र इंदापुरातल्या एका निवृत्त ग्रंथपालाला कसं आलं? तर चिंतामणरावांनी उमेदीच्या काळात गावोगाव हिंडून शेतांची नावं गोळा केली होती. सातबाऱ्यावर शेताला नुसता गट नंबर असतो. पण माणसं म्हणतात उपाशी पट्टी, सासूचा तुकडा, वरातीचा माळ. प्रत्येक नावामागं एक हकिकत. ती सगळी त्यांनी कॉलेजच्या संगणकावर, एका नामांकित कंपनीच्या त्या वेळच्या प्रोग्राममध्ये टाईप केली आणि नाव दिलं 'शिवारकोश'. मग ते निवृत्त झाले, संगणक बदलले, आणि एके दिवशी फाईल उघडली तर आत चौकोनच चौकोन. वरातीच्या माळाचेही चौकोन, सासूचेही चौकोन. ज्यांनी हकिकती सांगितल्या ती माणसं तोवर बहुतेक गेलेली होती. हातानं लिहिलेली टिपणं तर 'आता संगणकावर आहे' म्हणून त्यांनी स्वतःच रद्दीत दिली होती. त्या दुःखात त्यांनी दिल्लीला एक तक्रार पाठवली होती. दिल्लीनं ती वाचली, याचाच त्यांना मोठा धक्का बसला होता.

भाद्रपदात, गौरी उठल्यावर, त्यांनी मसुदा वाचायला घेतला. तो ज्ञानकोशाच्या खंडांइतका जाडजूड होता, आणि इतका जाड मसुदा कुणी वाचणार नाही अशी बहुधा लिहिणाऱ्यांचीही खात्री असावी. पण चिंतामणराव असे गृहस्थ होते, की औषधाच्या बाटलीबरोबरचा कागदही तळटिपांसकट वाचत. एका दुपारी भात कालवता कालवता ते ताठ झाले आणि उष्ट्या हातानंच उठले.

"अगं, सापडलं."

"काय सापडलं? आधी हात धुवा," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"हे बघ. ओळींमधलं अंतर कसं ठेवायचं? तर माझा कोश ज्यात टाईप केला त्याच प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत ठेवत तसं. जोडाक्षरं कशी मांडायची? जुन्या आवृत्तीत मांडत तशी. आणि त्या आवृत्तीत कशी मांडत, हे अख्ख्या मसुद्यात कुठंच लिहिलेलं नाही. ते फक्त त्या कंपनीला माहीत."

सरोजिनीबाईंनी ताक वाढता वाढता विचार केला. "म्हणजे पाककृतीत लिहायचं, की आत्याबाई घालायच्या तेवढं मीठ घाला. आणि आत्याबाई कुठं राहतात ते सांगायचं नाही."

"अगदी तसंच."

"मग याला खुलं कशाला म्हणायचं? जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्याबाईंचेच पाय धरावे लागणार."

चिंतामणराव त्या दुपारी झोपले नाहीत. छातीत धडधडत होतं, पण छान धडधडत होतं. आपला कोश चौकोनांत गेला तो गेलाच. पण हा मसुदा असाच मंजूर झाला, तर उद्या फेरफार, जन्मदाखले, शाळेचे दाखले, सगळंच एका कंपनीच्या आत्याबाईंच्या हवाली होणार होतं. आणि हे समजलेला माणूस इंदापुरात, अकलूज रस्त्याला, दोन खोल्यांच्या घरात बसला होता. हा विचार त्यांना इतका उद्धट वाटला की त्यांनी तो ताबडतोब मागं घेतला. थोड्या वेळानं पुन्हा पुढं आणला.

शेजारचे बिरदेवतात्या तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. सल्ला ही गोष्ट त्यांच्या अंगणातल्या नळासारखी होती. पूर्ण बंद कधी होत नसे.

"सर, एकट्या माणसाच्या कागदाला हापिसात किंमत न्हाय," ते म्हणाले. "आमी काय करायचो सांगू? एकट्याचा अर्ज आला की त्यावर चहाचा कप ठेवायचा. संस्थेचा ठराव आला की पहिलं आवक नंबर टाकायचा. तुमी कुठल्या संस्थेत हाय का?"

"वाचनालय आहे. पण तिथं सध्या दोन गट आहेत, आणि दोघंही माझ्याशी बोलत नाहीत."

"अजून?"

चिंतामणराव ओशाळले. "एका दूध संस्थेचा सभासद आहे."

ती भानगड अशी. नोकरीच्या सुरुवातीला ते बारामती रस्त्यावरच्या एका खेड्यात भाड्यानं राहत. तिथं सरोजिनीबाईंनी हौसेनं एक म्हैस पाळली होती. म्हशीपायी सभासदत्व आलं. पुढं म्हैस गेली, गाव सुटलं, पण सभासदत्व राहिलं; दर दिवाळीला एक स्टीलचा डबा येत असे.

"झालं की मग," तात्या म्हणाले. "सभा जवळ आलीय. उभं ऱ्हायचं, ठराव मांडायचा, सही-शिक्का घ्यायचा, दिल्लीला धाडायचा. आन् कागदात 'विरोध' लिहू नगा. 'फेरविचार व्हावा ही नम्र विनंती' लिवा. विरोध वाचला की सायब लोकांचा चहा कडू होतो."

त्याआधी त्यांनी एक प्रयत्न सरळ मार्गानंही करून पाहिला. अभिमत नोंदवायला समितीनं एक तक्ता पाठवला होता, तो घेऊन ते बसस्थानकामागं स्वरूपा नावाच्या मुलीच्या सेवा केंद्रात गेले. तिथं आधार, पॅनकार्ड आणि लग्नपत्रिका एकाच खुर्चीवरून निघत. स्वरूपानं तक्ता उघडला. 'संमती' हा रकाना ऐसपैस दिसत होता. 'हरकतीची कारणे' हा रकाना मात्र पानाच्या कडेला एका अक्षराच्या रुंदीचा झाला होता.

"काका, हा त्याच कंपनीच्या नव्या प्रोग्राममध्ये केलाय. माझ्याकडं फुकटवाला आहे. यात नीट उघडत नाही."

"म्हणजे फाईल कुठंही उघडली पाहिजे, याबद्दलचं मत नोंदवायचा तक्ताच कुठंही उघडत नाही?"

"तसंच काहीतरी. संमती असेल तर लगेच भरून देते. दहाच मिनिटांचं काम."

हरकत असेल तर वरून खाली एकेक अक्षर लिहावं लागणार होतं. स्वरूपानं 'महोदय' लिहून दाखवलं. ते विहिरीत सोडलेल्या दोरासारखं दिसत होतं.

सभेच्या दिवशी चिंतामणरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशात ठरावाचे चार मसुदे ठेवले. एक कडक, एक मवाळ, एक अतिमवाळ, आणि एक नुसताच अभिनंदनाचा, धीर सुटला तर.

दूध संस्थेची वार्षिक सभा ज्यानं पाहिली नाही त्याला लोकशाहीचा वेग कळायचा नाही. सेक्रेटरी विषय वाचतो, 'विषय क्रमांक अमुक' एवढं ऐकू येईपर्यंत मागून आवाज येतो 'मंजूर', आणि सगळी सभा 'मंजूर, मंजूर' करत पुढच्या विषयाकडं जाते. मंडपाच्या मागच्या बाजूला जिलेबीची कढई असते, आणि वारा तिकडून इकडं असतो. प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. त्यांना विचारायचा प्रघात नाही. सेक्रेटरी मान वर करतो, जो नजरेला पडेल त्याचं नाव लिहितो.

चेअरमन आप्पासाहेब स्टेजवर बसले होते. त्यांच्या शेजारी पांढऱ्या शर्टातला एक तरुण, रविराज. काटेवाडीकडचा मुलगा, पुण्यात शिकलेला. आता त्या कंपनीसाठी 'सहकार संपर्क' नावाचं काहीतरी करत होता. त्यानं प्रत्येक सभासदाला कापडी पिशवी दिली होती. आत एक पेन आणि डायरी.

"आता ऐनवेळचा इषय," आप्पासाहेब म्हणाले. "दिल्लीत कायतरी कागदाचं चाललंय. आपल्या संस्थेचा त्याला पाठिंबा हाय. म्हंजी उद्या संगणक मिळत्यात. वाचा, सेक्रेटरी."

सेक्रेटरीनं वाचायला सुरुवात केली. 'सदर मसुदा आहे तसा, एकही शब्द न बदलता' एवढं ऐकताच चिंतामणरावांच्या अंगात वीज शिरली. आयुष्यात प्रथमच, भर सभेत, त्यांनी हात वर केला. नुसता वर केला नाही. ते उभेही राहिले. "माझं असं म्हणणं आहे की," एवढं ते म्हणाले.

त्याच क्षणी सेक्रेटरीनं मान वर केली. समोर एक सुशिक्षित, स्वच्छ शर्टातला, हात वर केलेला माणूस. इतका तयार सूचक त्याला उभ्या हयातीत मिळाला नव्हता.

"सूचक निसळ सर," तो म्हणाला.

"मंजूर, मंजूर," सभा म्हणाली, आणि उठली.

चिंतामणरावांच्या हातात कुणीतरी जिलेबीचा द्रोण दिला. कुणीतरी पाठ थोपटली. रविराजनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. चिंतामणराव त्या फोटोत तोंड उघडं ठेवून उभे आहेत. ते 'नाही' म्हणत होते, पण फोटोत ते जिलेबीसाठी उघडल्यासारखं दिसतं.

घरी येऊन त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली. सरोजिनीबाईंनी पिशवी पाहिली, डायरी पाहिली, मग नवऱ्याकडं पाहिलं.

"काय हो, पाठिंबा देऊन आलात?"

"मी सूचक आहे," चिंतामणराव भिंतीकडं बघत म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं तर ते उरलेलं आयुष्य गप्प बसून काढायला तयार होते. तशी त्यांना सवय होती. पण घटस्थापनेच्या दिवशी आप्पासाहेबांचा फोन आला.

"सर, तुमी मोरगावाच्या अंगाला कवा गेलता?"

"कधीच नाही. म्हणजे लग्नानंतर दर्शनाला. का?"

"तिकडच्या एका संस्थेत राडा झालाय. विरोधी पार्टी म्हणती, हा चिं. ग. निसळ कोण? आपला सभासद न्हाय, पावणा न्हाय, आन् ठराव मांडून गेला कसा? त्यांचा चेअरमन मला फोनवर वाटंल ते बोलला. तुमी या बरं हितं. रविराजलाबी बोलावलंय."

रविराजनं पहिल्या ठरावाची फाईल इतर संस्थांना नमुना म्हणून पाठवली होती. संस्थेचं नाव तेवढं बदलायचं, अशी सूचना होती, आणि सेक्रेटरी मंडळींनी ती तंतोतंत पाळली. संस्थेचं नाव बदललं. बाकी कशाला हात लावला नाही. त्यामुळं एकाच दिवशी, एकाच वेळी, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या झाडून साऱ्या दूध संस्थांत, एका शेळीपालन संघात आणि एका महिला बचत गटाच्या मेळाव्यात, चिं. ग. निसळ यांनी उभं राहून मसुद्याला पाठिंबा मांडला होता. हे सगळे ठराव दिल्लीला पोचलेही होते. त्यांत चिंतामणरावांना सर्वात जास्त लागला तो बचत गट. तिथल्या छापील कागदावर नावाआधी 'श्रीमती' आधीच होतं, त्यामुळं तिथं ते 'श्रीमती' होते.

ते संस्थेच्या संकलन केंद्रात पोचले तेव्हा सकाळचं दूध घालून झालं होतं, पण माणसं रेंगाळत होती. बातमी फुटली होती.

"आले, आले, तालुक्याचे सूचक," कॅन धुता धुता सरुबाई म्हणाली. "सर, आमच्या सुनंचा यंदा लेकाचा हट्ट हाय. तेवढं बी मांडा की."

आत रविराज घाम पुसत होता. "सर, चूक झाली. पण ही गोष्ट बाहेर गेली तर माझी नोकरी जाईल. तुम्ही फक्त एका पत्रावर सही करा, की सगळीकडं तुम्ही मार्गदर्शक म्हणून हजर होता."

"एकाच वेळी?"

"वेळेचं आम्ही बघतो."

मग रविराजनं आवाज खाली आणला. "तुमच्या त्या शेतांच्या नावांच्या फाईलबद्दल मी ऐकलंय. कॉलेजातून मागवून घेतलीय. आमच्याकडं जुनी आवृत्ती जपून ठेवलेली आहे, फक्त आतल्या कामासाठी. बघा."

त्यानं लॅपटॉप फिरवला.

आणि तिथं शिवारकोश होता. चौकोन नव्हते. उपाशी पट्टी, सासूचा तुकडा, वरातीचा माळ. प्रत्येकापुढं गाव, प्रत्येकाखाली हकिकत, सांगणाराचं नाव. चिंतामणरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हरवलेलं माणूस भर बाजारात समोर येऊन उभं राहावं आणि त्यानं आपल्याला आधी ओळखावं, तसं झालं.

"सही केली की ही तुमची," रविराज म्हणाला. "आमच्या नव्या स्वरूपात करून देतो. एकदम छान उघडते."

"किती वर्षं उघडेल?"

"आत्ता तरी उघडते, सर."

आप्पासाहेब इतका वेळ फॅटचं यंत्र पुसत होते. ते मागून येऊन वाकले. "आमचं काय हाय का त्यात?"

चिंतामणरावांनी बोटानं पान खाली नेलं. "रामोशाची राखण. नदीकडच्या बाजूला. सांगणारे, तुमचे चुलते."

"वाचा की."

चिंतामणरावांनी वाचलं. भरसभेत ज्यांचं एक वाक्य पुरं झालं नव्हतं, ते बोलत राहिले. राखण कुणी केली, कुणापासून केली, पीक वाचलं तेव्हा त्याला बक्षीस म्हणून कोणता कोपरा दिला, सगळं. बाहेरची माणसं दारात येऊन थांबली. सरुबाई ओला हात पदराला पुसत म्हणाली, "आमच्या म्हायेरचं बघा, मडकं फुटीचं वावर." तेही निघालं. मग एकेक जण विचारू लागला, आणि चिंतामणराव सांगू लागले.

"रविराज," आप्पासाहेब म्हणाले, "हे सगळं आमच्या चुलत्याचं, हिच्या बाचं, आन् सरांनी पायी हिंडून लिवलेलं. व्हय ना?"

"हो."

"मंग त्याची किल्ली तुमच्या कंपनीकडं कशी? माझ्या गोठ्याला माझी म्हस, माझा चारा, आन् कुलूप मातूर पावण्याचं. असं असतंय का?"

रविराज वाईट मुलगा नव्हता. त्याचं लक्ष पडद्यावर होतं. काटेवाडीच्या पानावर त्याच्या आजोबांचं नाव होतं.

"छापा," आप्पासाहेब म्हणाले.

"कशावर? इथं प्रिंटर कुठाय?"

"हा काय."

तो दुधाच्या पावत्या काढायचा प्रिंटर होता. चार बोटं रुंदीची पट्टी, एरवी त्यावर लिटर आणि फॅट येई. रविराजनं बराच वेळ खटपट केली, एकदोनदा कंपनीला फोन लावायला मोबाईल काढला आणि परत ठेवला, आणि मग प्रिंटर किरकिरू लागला. शिवारकोश निघाला. टेबलावरून खाली आला, उंबरा ओलांडला, कॅनच्या रांगेपर्यंत गेला. बायका तो लग्नातल्या पायघडीसारखा गोळा करू लागल्या. कागद संपला की सेक्रेटरी नवं रीळ घाली. संध्याकाळच्या दुधाला पावत्या मिळणार नाहीत म्हणून कुणी कुरकुरलं, तर त्याला त्याच्या शेताचं नाव वाचून दाखवून गप्प केलं.

"ही छपाई टिकत न्हाय बरं," सेक्रेटरी म्हणाला. "उन्हात ठेवली की अक्षरं उडत्यात."

"मग उडायच्या आत लिहून काढीन," चिंतामणराव म्हणाले. एवढ्या ठामपणे आपण बोललो याचं त्यांना नवल वाटलं, पण त्यांनी वाक्य मागं घेतलं नाही.

ते घरी पोचले ते गळ्याभोवती, खांद्यावर आणि पिशवीत शिवारकोश घेऊन. सरोजिनीबाईंनी दार उघडलं आणि एका हाताला धरून त्यांना आत घेतलं, कारण दुसऱ्या हातात मोहोळ तालुका लोंबत होता. तो मुळात कोशात नको होता, पण उत्साहाच्या भरात त्यांनी एकदा तिकडचीही गावं केली होती.

त्यांनी तक्ता बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेतला. 'महोदय किंवा महोदया' असं लिहिलं आणि थांबले नाहीत. आत्याबाईंचं मीठ लिहिलं. 'जुन्या आवृत्तीप्रमाणे' हे शब्द कोणकोणत्या पानांवर आहेत ते लिहिलं, आणि त्या ठिकाणी प्रत्यक्ष काय करायचं ते उघड लिहीपर्यंत मसुदा मान्य करू नये, असं लिहिलं. बिरदेवतात्या कुंपणावरून वाकून 'नम्र विनंती' घालायला सांगत होते; चिंतामणरावांनी 'विरोध' लिहिलं आणि खाली रेघ ओढली. शेवटी असं लिहिलं:

'आपल्याकडे बारामती व इंदापूर भागातून पाठिंब्याचे जे ठराव आले आहेत, त्या सर्वांचा सूचक मीच आहे. यांपैकी एका गावाखेरीज कुठल्याही गावच्या सभेला मी गेलेलो नाही, आणि त्या गावातही मी नाही म्हणायलाच उभा राहिलो होतो. तरी हे सर्व ठराव मी एकाच वेळी मागे घेत आहे. मी श्रीमती नाही, हेही नोंदवून घ्यावे.'

पोस्टात खंडेनवमीची पूजा चालू होती. खिडकीतल्या कारकुनानं वजनकाट्याला आत्ताच हळदकुंकू लावलं होतं, त्यामुळं पाकिटाच्या एका कोपऱ्याला तेही लागलं. त्यानं पत्ता वाचला, स्पीड पोस्टची चिठ्ठी चिकटवली आणि विचारलं, "आत काय आहे?"

"माझं मत," चिंतामणराव म्हणाले.

कारकुनानं पाकीट मागच्या थैलीत टाकलं. चिंतामणरावांनी खिडकीतून मान आत घालून ते थैलीच्या तळाशी गेलं का, हे बघितलं, आणि रांगेतल्या मागच्या बाईंनी दोनदा सांगेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.